सत्ता बदलली, सातबारा बदलला का?

आम्ही कळंबचे. चिंतामणीच्या दर्शनाला येणाऱ्यांना हे गाव ठाऊक आहे. भल्या सकाळी परहाटी वेचायला धुऱ्याधुऱ्याने निघणाऱ्या आमच्या माय-बहिणी मात्र कुणाच्या खिजगणतीत नाहीत. आमच्या घरावर 14 एप्रिलला निळा झेंडा लागतो, पण घरात सातबारा नाही. म्हणून निवडणूक आली की एकच प्रश्न आम्हाला छळतो : राजकीय क्रांतीने गरिबी जाते का?

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे घ्या. वसंतराव नाईक 1963 ते 1975 आणि सुधाकरराव नाईक 1991 ते 1993 मुख्यमंत्री होते. दोघेही पुसदचे. संकरित बियाणे आले, रोजगार हमी आली, हे आम्ही नाकारत नाही. तरी हाच यवतमाळ पुढे शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाला. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेणारे मजूरही होते. मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्याचा असणे वेगळे आणि मजुराच्या हाती सत्ता असणे वेगळे!

काही कार्यकर्ते म्हणतात, वेगळा विदर्भ झाला की प्रश्न सुटेल. 1955 मध्ये खुद्द बाबासाहेबांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती. 1953 च्या नागपूर करारातली आश्वासने कशी पाळली गेली, हेही आपण भोगतो आहोत. आम्ही वेगळ्या विदर्भाचे विरोधक नाही. पण राजधानी मुंबईहून नागपूरला आली आणि जमीन त्याच हातांत राहिली, तर वेचणीची मजुरी कशी वाढेल?

मग युती करायची कुणाशी? इतिहास सांगतो, युती ताकदीमागे येते. 1938 मध्ये खोती बंद करण्यासाठी स्वतंत्र मजूर पक्षाने शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हा कम्युनिस्टही सोबत आले. 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो लोक तुरुंगात गेले. म्हणूनच 1967 मध्ये काँग्रेसला रिपब्लिकन पक्षाशी समझोता करावासा वाटला. पण समझोत्यात जागा आल्या, जमिनीचा प्रश्न मागे पडला आणि पक्षात फूट पडली. ताकद रस्त्यावर कमावली, ती बैठकीत खर्च झाली.

आमचाही अनुभव वेगळा नाही. एका उमेदवारासाठी आम्ही रात्र रात्र भिंती रंगवल्या. तो निवडून आला. गायरानाचे अर्ज घेऊन गेलो तर म्हणाला, "पाहतो." अजून पाहतोच आहे. दोष त्याचा आहेच, पण थोडा आमचाही. मत मागायला आला तेव्हा आम्ही त्याच्याकडून काहीच लिहून घेतले नव्हते.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. म्हणून आमचे उत्तर असे : राजकीय क्रांतीने गरिबी हटते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचली तरच. नुसता सत्ताबदल म्हणजे क्रांती नव्हे.

तेव्हा कामाला लागू या. 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय आहे. गावागावात पुरावे गोळा करा. दादासाहेबांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देण्याची तरतूद आहे; तालुक्यात किती कुटुंबांना मिळाली, ते माहितीच्या अधिकारात विचारा. ही यादी हातात घेऊन जो पक्ष दारात येईल, त्याच्यापुढे ठेवा. युती त्या यादीशी करा, झेंड्याशी नको.

जय भीम!