तवंदी घाटातला तांब्या

आमच्या घरी पूर्वी एक प्रीमियर पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या कंपनीची गाडी म्हणून वडिलांना तिचा कोण अभिमान! 1983 सालच्या उन्हाळ्यात मात्र तिला एक विचित्र खोड जडली. गावात ती शहाण्यासारखी वागे. पण पाऊण तास धावली की एकाएकी बंद पडे, आणि अर्ध्या तासाने काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

बेळगावातील आमच्या नेहमीच्या वृद्ध मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "कॉइल गेलीया बघा साहेब. गाडी हितं सोडून जावा, तापवून बघतो." आम्हांला घाई होती. शिवाय त्यांच्या दारात गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली होती. चालत्या गाडीला नवी कॉइल सुचवणारा मनुष्य लबाड असला पाहिजे, असे आम्ही चार जणांत बोलूनही दाखवले. मग दुसरीकडून प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलून घेतले.

आई तेव्हा धाकट्या भावाकडे निपाणीला असे. तिचा एक डोळा पूर्वीच गेलेला. उरलेल्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बेळगावला ठरली होती. संध्याकाळी पाचच्या आत दाखल व्हायचे होते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी मागे पडल्या, तवंदीचा घाट चढता चढता गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मे महिन्याची दुपार, शेजारी आई. "आलं का रे बेळगाव?" असे तिने विचारले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचेना.

मागून येणारा एक मालट्रक थांबला. चालकाने डिस्ट्रिब्यूटरची मधली जाड तार काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली व आम्हांला चावी फिरवायला सांगितले. निळी, कडकडीत ठिणगी पडायला हवी होती. पडली ती पिवळट, मरतुकडी. त्याने कॉइलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. "अक्का, पाणी हाय काय?" आईने आपला पिण्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. भिजवलेले फडके कॉइलभोवती गुंडाळले, वीस मिनिटे थांबलो, आणि गाडी सुरू झाली. संकेश्वर, हत्तरगी असे थांबत, फडके भिजवत आम्ही पाचाला दहा मिनिटे असताना इस्पितळात पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी खालमानेने मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडवली. कुलपाकडून येणारी तार कोणत्या टोकाला व डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी कोणत्या, हे खडूने लिहून ठेवले आणि मगच पाना हाती घेतला. काम जेमतेम पंधरा मिनिटांचे. जुनी कॉइल मीटरवर तपासली, तर काटा अगदी योग्य जागी! आम्ही चकित झालो. तेव्हा त्यांनी समजावले, ते असे: आत जाड तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो. पॉइंट उघडताच जाड वेढ्यांतील प्रवाह तुटतो आणि बाराच्या दाबाचे कित्येक हजार व्होल्ट होतात. (फॅरेडेने 1831 साली दाखवलेले तत्त्वच हे, शाळेत आम्ही ते घोकले होते.) बारीक तारेवरील आवरण कुठे दुखावले असेल, तर थंडपणी ते कळत नाही, तापल्यावर वीज आतल्या आत वाट काढते. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल भाजून निघते, असेही त्यांनी बजावले. ती सवय आम्हांला होती, रेडिओसाठी.

आजच्या गाड्यांत बहुधा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते आणि दोष यंत्रच सांगते. तेव्हा दोष सांगणारा माणूसच असे. आम्ही काय बोललो होतो ते त्यांच्या कानी गेले होते की नाही, कोण जाणे. क्षमा मागू लागलो, तोच म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ दे. आईसाहेबांचा डोळा कसा हाय?"

डोळा उत्तम झाला. पुढच्या महिन्यात आईला निपाणीला पोचवायला निघालो, तेव्हा तिने भरलेला तांब्या पायाशी घेतला. वाटेत आम्हांला तहान लागली. मागितला, तर देईना. "कॉइलचा आहे तो," म्हणाली.