अपाचे खिंडीतला झरा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, अगदी आग्नेय कोपऱ्यात, फोर्ट बोवी नावाचा पडका किल्ला आहे. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तटबुरूज उभे राहतात. येथे तसे काही नाही. मोटार ठेवून मी दीड मैल पायी चाललो, तेव्हा कच्च्या विटांच्या खचलेल्या भिंती दिसल्या. अलीकडेच एक झरा आहे. धार करंगळीएवढी, पण या रखरखीत मुलखात तिच्यासाठी तोफा डागल्या गेल्या!

हा मुलूख चिरिकाहुआ अपाचे लोकांचा. त्यांचा नायक कोचीस. १८५८ पासून टपालगाड्या या खिंडीतून धावू लागल्या, त्या त्याने धावू दिल्या. फेब्रुवारी १८६१ मध्ये बॅस्कम नावाच्या लेफ्टनंटने त्याला बोलणी करायला तंबूत बोलावले आणि एक मुलगा पळवल्याचा आळ घातला. मुलगा नेला होता दुसऱ्याच टोळीने. कोचीस तंबू फाडून निसटला. आप्त मात्र अडकले. त्याने गोरे ओलीस धरले आणि मारले. लष्कराने त्याच्या भावाला व पुतण्यांना फाशी दिले. वैर अकरा वर्षे पेटले.

जुलै १८६२ मध्ये तोफांच्या बळावर लष्कराने झरा घेतला आणि किल्ला उभारला. पुढच्याच जानेवारीत कोचीसचा सासरा मंगस कोलोरादास तहाच्या बोलण्याला गेला, तो कैदेत मारला गेला.

१८७२ मध्ये जनरल हॉवर्ड फौज न घेता डोंगरात आला. कोचीसने शस्त्र खाली ठेवले. त्याच्या लोकांना त्यांचाच मुलूख राखीव मिळाला. कोचीसने शब्द मरेपर्यंत पाळला. १८७४ मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांत सरकारने तो मुलूख काढून घेतला.

मग उरला जेरोनिमो. चाळिसांच्या आतल्या बायकामुलांसह माणसांमागे पाच हजार सैनिक लागले! सप्टेंबर १८८६ मध्ये तो शरण आला. त्याला आगगाडीने फ्लोरिडाला धाडले. लष्कराची चाकरी केलेल्या अपाचे वाटाड्यांनाही सोडले नाही. सत्तावीस वर्षे ही जमात युद्धकैदी राहिली. जेरोनिमो १९०९ मध्ये ओक्लाहोमात, कैदेतच वारला.

तोफेने झरा जिंकता आला. माणसे जिंकली ती हॉवर्डच्या शब्दाने, आणि तो शब्दही सरकारला पेलला नाही. किल्ल्याच्या दफनभूमीत सैनिकांच्या शेजारी एक छोटी पाटी आहे : जेरोनिमोचा मुलगा, वय वर्षे दोन, १८८५.