जवारीचा दोरा

तंबोरा सुरात लागला म्हणजे तो बोलतोच असं नाही. चारही तारा चोख जुळलेल्या असतात, तरी आवाज कोरडा निघतो आणि लगेच विझतो. अशा वेळी आमच्या गाण्याच्या बाई शिवणाच्या डब्यातलं रीळ मागवायच्या. दोऱ्याचा तुकडा तारेखाली घोडीवर घालायचा, दोन्ही टोकं धरून अगदी हळू पुढेमागे सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने तार छेडत राहायची. एका जागी तीच तार झणकारून उठायची. या झणकारालाच जवारी म्हणतात.

घरी स्वतःचा तंबोरा आल्यावर मी हे करू लागले. साधा शिवणाचा दोरा, रेशीम, लोकर, सगळं घालून पाहिलं. लोकरीने तार मुकी झाली. रेशमाने आवाज खुलला, पण माझ्या कानाला जरा टोकदार वाटला. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचा एकच पदर सोडवून घेतला, तो पितळी खर्जाला फार छान बसला. आधी तारा लावायच्या, मग दोरा. दोरा सरकला की सूर किंचित हलतो, तो मण्याने सावरायचा. चारही तारांची जवारी सारखी खुलली पाहिजे. एकच तार जास्त बोलू लागली, तर गाणाऱ्याचं लक्ष तिच्याकडेच जातं.

घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला हलकासा उतार असतो. दोरा तारेला किंचित उचलतो. मग कंप पावणारी तार दोऱ्याच्या पुढे घोडीला पुन्हा पुन्हा टेकते आणि त्यातून वरचे स्वरांश जागे होतात. तार बरोबर मध्यावर छेडली, तर नियमाप्रमाणे वरच्या सप्तकाचा षड्ज तिच्यातून उमटायला नको. तंबोऱ्यात तो उमटतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या याच वेगळेपणावर लिहिलं होतं. मला ते वाचून कळलं. पण खर्जाचा दोरा नेमका बसला आणि कोणी न छेडलेला गंधार खोलीत ऐकू आला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच.

दोऱ्यालाही मर्यादा आहे. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडले की दोरा कितीही सरकवा, आवाज फुटकाच येतो. मग जवारी काढूनच घ्यावी लागते. मिरजेत कारागीर कानशीने घोडी जराशी घासतात, तार चढवून ऐकतात, पुन्हा घासतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांचंच श्रेय आहे.

मोबाइलवरचा तंबोरा प्रवासात सोयीचा आहे, मीही तो वापरते. पण त्यात आपल्याला शोधायला काही उरत नाही. गाणं शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: क्लासमध्ये तंबोरा असेल, तर दोरा गुरुजींकडून किंवा बाईंकडून लावून घेऊ नका. त्यांच्यासमोर बसून तुम्हीच लावा.