श्वासाला जागा

चाल सुचते ती एकट्याला. बसच्या खिडकीशी, कपडे वाळत घालताना, परीक्षेच्या आदल्या रात्री तर हमखास! तिला कुणाची परवानगी लागत नाही. पण तीच चाल सहा वाद्यांत वाटून द्यायची म्हटलं, की एकटेपणाची ही चैन संपते. कारण आता ती वाजवणार असतात दुसरी माणसं. त्यांना बोटं असतात, ओठ असतात, दम असतो आणि मुख्य म्हणजे स्वतःचं मत असतं.

गेल्या स्नेहसंमेलनासाठी मी चार मिनिटांची एक धून बांधली. दुर्गा रागाचे पाच सूर, केरव्याच्या आठ मात्रा. वाद्यं म्हणजे बासरी, व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रंपेट, हार्मोनियम आणि तबला. संगणकावर प्रत्येकाची ओळ लिहिली, कळ दाबली आणि सगळं कसं घड्याळासारखं वाजलं! मैत्रिणींना ऐकवलं. "काय गोड आहे गं!" एकमुखानं सगळ्या म्हणाल्या. कौतुक कुणाला नको असतं? पण त्या 'गोड' शब्दाला धरून पुढं काय करायचं, ते काही उमजेना.

तेव्हा मी कागद घेऊन आमच्या आळीतल्या बँडमास्तरांकडे गेले. त्यांचा उभा जन्म वरातीपुढं क्लॅरिनेट फुंकण्यात गेला आहे. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला नि परत दिला. "ही तुमची लिपी मला येत नाही, बाळ. एकेकाची ओळ गाऊन दाखव."

मी क्लॅरिनेटची ओळ गायला लागले. चौथ्या आवर्तनाला माझा आवाज थरथरला, पाचव्याला थांबला. मास्तर मिशीत हसले. "तुला दम लागला, मग वाजवणाऱ्याला नाही लागायचा?" संगणकाला फुप्फुसं नसतात, हे त्या एका वाक्यात कळलं.

पुढचे दोन तास म्हणजे शिकवणीच होती. ट्रंपेटला वरच्या सुरांत सोळा आवर्तनं सलग दिली होती. "ओठ काय पत्र्याचे असतात? त्याला मध्ये बसू दे. थांबून वाजला, की त्याचं येणं ऐकू येतं." क्लॅरिनेटच्या मधल्या दोन-तीन सुरांशी येऊन मास्तर पुन्हा अडले. त्यांनी वाद्य काढून ते सूर मला वाजवून दाखवले. बोटं जवळजवळ सगळी उचललेली, नळीचा थोडासाच भाग बोलतो, म्हणून आवाज पातळ. आणि लगेच पुढच्या सुराला सगळी भोकं एकदम मिटायची. "धावती ओळ या उंबरठ्यावर नको. ती व्हायोलिनला दे." बासरीचे खालचे सूर हार्मोनियमखाली बुडणार होते. मी विचारलं, "बासरी दोन करू का?" मास्तर म्हणाले, "पेटी बंद कर. आपोआप ऐकू येईल."

शेवटाबद्दल मात्र आमचं जमलं नाही. मास्तरांच्या मते शेवटी सगळ्यांनी मिळून दणकून उठायला हवं. मला तिथं एकटी बासरी हवी होती, विझत जाणारी. बराच वाद झाला. अखेर ते म्हणाले, "वाजेल का, ते मी सांगितलं. काय म्हणायचंय, ते तुझं तू बघ." मला वाटतं, सल्ला देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनीही पाळावी अशी ही सीमा आहे.

ब्राह्म्ससारख्या थोर संगीतकारालाही ती पाळावी लागली होती. त्याचं वाद्य पियानो. १८७८ साली त्यानं व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा एकल वादकाची ओळ आपला मित्र, विख्यात व्हायोलिनवादक योआखिम याच्याकडे पाठवली. जिथं अवघड, अडचणीचं किंवा अशक्य वाटेल तिथं खुणा कर, अशी विनंती केली. आलेल्या सूचनांपैकी काही घेतल्या, काही बाजूला ठेवल्या. एक जागा तर मित्राच्या कल्पनेसाठी मोकळीच सोडली. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगला योआखिमनंच ती रचना प्रथम वाजवली. तरी रचना ब्राह्म्सचीच राहिली.

आपल्याकडे चाल बांधणाऱ्याचं नाव घरोघरी पोचतं, ती वाद्यांत मांडणाऱ्याचं क्वचितच. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझा यांनी केलं. गाणी गुणगुणणाऱ्या किती जणांना ते नाव ठाऊक असतं? अशी गाणी वरातीत येतात, तेव्हा गायकाची ओळ क्लॅरिनेटकडे जाते आणि व्हायोलिनांचा अख्खा ताफा दोन-तीन ट्रंपेटांवर भागवावा लागतो. मास्तर चाळीस वर्षं दर गाण्याला हेच तर करीत आले होते! त्याला कुणी वाद्यसंयोजन म्हटलं नाही, इतकंच.

निघताना मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "लोक मला येऊन सांगतात, हे वाजवा, ते वाजवा. कसं वाजेल, म्हणून विचारायला आलेली तू पहिलीच." मला काय बोलावं ते सुचेना. कार्यक्रमपत्रिकेत मात्र माझ्या नावाखाली एक ओळ वाढवून घेतली: 'वाद्यसंयोजन साहाय्य', आणि पुढं त्यांचं नाव.

संमेलनाच्या संध्याकाळी त्यांची वरातीची सुपारी होती, त्यामुळे ते आले नाहीत. ट्रंपेट बसून राहिला आणि मग उठला, तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. पेटी गप्प झाली नि बासरीचा खालचा षड्ज सभागृहाच्या दारापर्यंत पोचला. शेवटाला काहींनी टाळ्या वाजवल्या, काही जण अजून काही येईल म्हणून वाट पाहत राहिले. तो शेवट मी बदललेला नाही. दुसऱ्या दिवशी पत्रिका मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी ती घडी न घालता क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवली.