आयती झीज

नवे कपडे विकत घेण्यांत मला फारसा रस नाहीं. पण विकायला अजून न आलेले कपडे पाहण्याचा छंद मात्र अलीकडे जडला आहे. छंद चमत्कारिक आहे खरा. पन्नाशी उलटलेल्या, इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या गृहस्थानें ग्रंथालयांत बसावें, नाटकाला जावें, फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनांत दिसावें. त्यानें पुरुषांच्या विजारी पाहत हिंडावें हें आमच्या प्राध्यापक-मंडळींना रुचत नाहीं. "तुम्हांला मॉडेल म्हणून निवडलें कीं काय?" असें एकानें माझ्या पोटाकडे पाहत विचारलेंही!

या छंदाचें श्रेय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जातें. कऱ्हाडास त्याचें पुरुषांच्या तयार कपड्यांचें दुकान आहे. वर्षांतून दोनदां तो मालाची मागणी नोंदवायला मुंबईस येतो आणि मी रिकामा असलों तर मलाही बरोबर नेतो. परळ भागांतील जुन्या गिरण्यांच्या आवारांत आतां कपड्यांच्या कितीतरी कंपन्यांनीं आपलीं दालनें थाटलीं आहेत. त्यांना शोरूम म्हणतात. पण रस्त्यावरच्या शोरूमशीं त्यांचें नातें नांवापुरतेंच. येथें गिऱ्हाइकाला प्रवेश नाहीं आणि कांहीं विकतही मिळत नाहीं. प्रत्येक नमुन्याचा एकेक नग लोखंडी दांडीवर टांगलेला असतो. येत्या हंगामाचा माल दुकानदारांनीं आजच पाहावा, हाताळावा आणि मागणी सांगावी. त्या अंदाजानें पुढें कापड बेतलें जाणार. त्यामुळें बाहेर चैत्राचें ऊन रणरणत असतां आंत आम्ही थंडीचे कपडे पाहत असतों. पुढल्या दिवाळींत कऱ्हाडचीं मुलें कोणती विजार घालून मिरवणार, हें त्या मुलांच्या आधीं मला कळलेलें असतें. ज्योतिषांनाही हा मान क्वचितच मिळत असेल.

वर्गांत हा विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसे. शेक्सपिअरनें त्याचें कांहीं बिघडविलें नाहीं, त्यानेंही शेक्सपिअरला त्रास दिला नाहीं. येथें मात्र तो पंडित असतो. विजार हातांत आली कीं प्रथम तो ती उलटी करतो. शिवण पाहतो, खिशाचें अस्तर चिमटींत धरतो, चौरस वाराला कापड किती औंस भरतें तें विचारतो. मग वहींत आंकडे मांडूं लागतो : तिसाच्या चार, बत्तिसाच्या आठ, चौतिसाच्या सहा. हे आंकडे लिहितांना त्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती परीक्षेंत मीं कधीं पाहिली नव्हती. अंदाज चुकला तर माल पडून राहतो; बँकेचा हप्ता मात्र पडून राहत नाहीं.

डेनिमचें मर्म मला त्यानेंच समजावून दिलें. या कापडांत ताणा निळीनें रंगविलेला आणि बाणा पांढरा असतो. म्हणून तें आंतून फिकें दिसतें. शिवाय निळीचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं, वरवर बसतो. जेथें कापड घासलें जाईल तेथला रंग झडतो आणि आंतला पांढरा गाभा डोकावूं लागतो. रंगाऱ्याच्या दृष्टीनें हा दोषच. पण या दोषामुळेंच हें कापड आपल्या मालकाची रोजनिशी लिहीत राहतें. तो पाकीट कोणत्या खिशांत ठेवतो, कोणता गुडघा टेकून बसतो, हें सारें त्यावर हळूहळू उमटत जातें.

आणि हें कापड मुळांत कष्टकऱ्यांचें. आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक असलेलें 'जीन' हें नांव जिनोआ बंदरावरून आलें. 'डेनिम' फ्रान्समधील नीम गांवावरून आलें असें मानतात. आणि 'डंगरी' हा इंग्रजी शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीचेंच लेणें आहे. नेव्हाडा प्रांतांतील रीनो गांवीं जेकब डेव्हिस नांवाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे उसवतात म्हणून त्यानें खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्राउस या कापड-व्यापाऱ्यासह त्याला २० मे १८७३ रोजीं त्या युक्तीचें पेटंट मिळालें. कपडा झिजूं नये ही त्या दोघांची धडपड होती.

आज दालनांत सर्वांत अधिक गर्दी असते ती झिजवून आणलेल्या विजारींपाशीं. मांडीवर मांजराच्या मिशांसारख्या पांढऱ्या रेघा, गुडघ्यावर विटलेला गोल, कांठाशीं चिंध्या. हें सारें कारखान्यांत घडतें. कोणी पॉलिशकागदानें मांड्या घासतो, कोणी पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतो, कोठें सच्छिद्र दगडांसह विजारी यंत्रांत घुसळतात. हल्लीं हें काम लेसरच्या किरणांनींही होतें. पूर्वीं दाबाखालीं वाळूचा मारा करीत. त्या धुळीनें तुर्कस्तानांतील तरुण कामगारांचीं फुप्फुसें निकामी झालीं, कांहीं दगावले, आणि २००९ सालीं तेथील सरकारला या पद्धतीवर बंदी घालावी लागली. ज्यानें कष्ट केले नाहींत त्याच्या विजारीवर कष्टांची खूण दिसावी, म्हणून ज्यानें केले त्यानें आपला श्वास द्यावा, असा हा व्यवहार होता.

गेल्या खेपेस कपडे पुन्हा दांडीवर लावणारा एक वयस्क मनुष्य आमच्याजवळ उभा होता. माझ्या हातांतील विजारीचा तो पांढरा गुडघा पाहून तो किंचित् हंसला. मीं कारण विचारलें. "माझे वडील ह्याच गिरणींत साचेखात्यांत होते, साहेब," तो म्हणाला. "उभ्यानं काम करणाऱ्याचे गुडघे नाहीं झिजत. बाबांच्या लेंग्याची मांडी विरायची. दिवसभर साच्याला टेकून वाकायचं ना!" १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याचे वडील पुन्हा आंत आले नाहींत. मुलगा आला, तो साचेखात्याच्या जागीं झालेल्या या दालनांत कपडे टांगायला.

त्याच्या त्या एका वाक्यानें मला त्या सर्व विजारींतलें खोटें दिसलें. ती झीज कोणत्याच कामाची नव्हती. माझ्या कोटाची उजवी बाही फळ्याशीं घासून मळते, डावा खांदा पुस्तकांच्या पिशवीनें विरतो. चार कोटांतून माझा कोट माझी पत्नी डोळे मिटून उचलील. झीज म्हणजे अंगानें कापडावर केलेली सही. ती आयती घेणें म्हणजे दुसऱ्याची नव्हे, कोणाचीच नसलेली सही वागविणें.

मीं हें विद्यार्थ्याला सांगितलें. तो रागावला नाहीं. "सर, तुमचं खरं," तो म्हणाला, "पण आमच्याकडे कोरी विजार घातली कीं मुलगा नुकताच खेड्यांतून आलेला वाटतो, विटलेली घातली कीं शहरांत मुरलेला. मुलगा ती विजार घेत नाहीं, तो मुरलेपणा घेतो." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. ज्यांच्या घरीं विरलेला लेंगा ही लाज होती, त्यांच्या नातवंडांना विटका कपडा ऐटीनें घालतां यावा, यांत कांहीं सुटकाही असेल.

"आतां तुम्हीच एक निवडा," तो म्हणाला. मीं कोपऱ्यांतील गडद निळी, न धुतलेली, कडक विजार दाखविली. कोरी, आमच्या घरीं जिच्या कोपऱ्याला आधीं कुंकू लावलें असतें अशी. तिच्यावर कशाचीच खूण नव्हती. त्यानें वहींत लिहिलें : विटलेल्या साठ, कोऱ्या सहा.

"सहाच कां?"

"तेवढे निघतील सर, कऱ्हाडांत."

त्या साठ विजारी आजच एकसारख्या विटलेल्या आहेत. त्या सहा मात्र दोन वर्षांनीं सहा तऱ्हांनीं विटतील. एखादी दुचाकीच्या टांकीशीं, एखादी उसाच्या फडांत, एखादी माझ्यासारख्या कोणा मास्तरच्या वर्गांत शेवटच्या बाकावर.