निरोप घेऊन झाल्यावर

माणसाने एकदा सर्वांचा निरोप घेतला की मग त्याने जावे हे बरे. पोचवायला आलेली मंडळी फलाटावर उभी आहेत, डोळे पुसून झाले आहेत, ‘जपून राहा’ तीनदा सांगून झाले आहे, आणि तेवढ्यात गाडीच रद्द झाल्याचे कळावे! मग ती वळकटी उचलून त्याच मंडळींबरोबर त्याच टांग्यातून घरी परतताना चेहरा कसा ठेवायचा, हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. गेल्या पौषात मला ते शिकावे लागले. फरक एवढाच की, माझी गाडी ऑपरेशन थिएटरच्या दारातून सुटायची होती.

माझ्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मुख्य वाहिन्यांत अडथळे निघाले होते. आमच्याच शहरातल्या एका रुग्णालयात बायपास करायचे ठरले. डॉक्टरांनी कागदावर पेन्सिलीने चित्र काढून समजावले. पायातली एक नीर काढायची, छातीच्या आतली एक रोहिणी वळवून घ्यायची, आणि तुंबलेल्या जागेच्या पलीकडे रक्ताला नवी वाट करून द्यायची. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला रेने फावालोरो या शल्यविशारदाने १९६७ मध्ये पायातली नीर वापरून ही वाट रूढ केली, हेही त्यांनी सांगितले. मला आठवले ते पुढचे वर्ष. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली, तेव्हा वडील ओसरीवर बसून ती बातमी मोठ्याने वाचत होते. रोगी काही तासच जगला होता. आई म्हणाली होती, “काळजाला हात लावू नये हो माणसाने.” तिच्याच मुलाच्या काळजाला आता हात लागणार होता.

“पौषात कसले ऑपरेशन!” असे आत्या म्हणाली. मी हसलो. पण हसण्याआधी क्षणभर थांबलो होतो, हे आमच्या सौभाग्यवतींनी बरोबर टिपले.

सोमवारची सकाळ ठरली होती. त्याआधीच्या आठ दिवसांत मी मोठ्या शिस्तीने आवराआवर केली. पासबुके, विम्याचे कागद, घरपट्टीच्या पावत्या एका पिशवीत घातल्या आणि पिशवी हिच्या हाती दिली. पुण्याहून मुलगा रजा घेऊन आला. आणि रविवारी रात्री रुग्णालयातल्या खाटेवरून मी पैठणला दादाला फोन केला. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आम्ही दोघे भाऊ नऊ वर्षे बोललो नव्हतो. मी म्हणालो, “दादा, तेव्हा मी जे बोललो ते चुकले. मनात ठेवू नकोस.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “बरं, बरं. आधी नीट हो.”

खरे सांगायचे तर ती माफी मला फारशी जड गेली नाही. उद्या आपण असू किंवा नसू, या हिशेबावर माणूस पुष्कळ उदार होतो.

मध्यरात्रीपासून पाणी बंद. पहाटे छाती आणि पाय यांवरचे केस काढले, औषधी साबणाने आंघोळ झाली, अंगात हिरवा झगा चढला. मी धैर्य गोळा करून बसलो होतो. धैर्य ही चीज वाटते तशी शिलकीत नसते. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तशी आणलेली असते, त्या दिवसापुरती. आठ वाजले, साडेआठ झाले. शेवटी एक तरुण डॉक्टर आले. रात्रभर जागल्याचे त्यांच्या डोळ्यांत दिसत होते.

“काका, आज तुमचे होणार नाही.”

रात्री एक तातडीचा रोगी आला होता. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचा आतला पदर फाटलेला. अशा माणसाला सकाळपर्यंत थांबवता येत नाही. सारी मंडळी रात्रभर त्याच्यापाशी उभी होती, आणि अतिदक्षता विभागातली माझ्यासाठी राखलेली खाट आता त्याची झाली होती. तुमची प्रकृती स्थिर आहे, आठवडाभर थांबल्याने बिघडणार नाही, असे ते म्हणाले.

मला काय वाटावे? सुटका? पहिले अर्धे मिनिट तेच वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि लगेच असा संताप आला की, त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात नको ते बोललो. मी ओळीने उभा होतो, तो मधूनच घुसला! रेशनच्या रांगेतला राग आणि हा राग यांत काही फरक नव्हता.

दुपारी सामान घेऊन बाहेर पडताना अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली दिसली. पस्तिशीची असेल. शेजारी दोन मुले पेंगत होती. तिच्या मांडीवर पुरुषाची एक चप्पलजोडी होती, वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेली. घाईत घरून निघताना ज्याच्या पायांत ती होती, तो आत होता. माझ्या हातात माझी बॅग होती, शेजारी मुलगा होता, आणि मी माझ्या पायांनी चालत होतो. रिक्षात बसेपर्यंत माझा राग मला पुरेनासा झाला.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दर दहा मिनिटांनी फोन. “झाले का?” “नाही, पुढे ढकलले.” यावर पलीकडे जी शांतता पसरे, तीत थोडी निराशाही असावी अशी मला शंका आहे. एका व्युत्पन्न मित्राने धीर दिला: इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता, दोन दिवस आधी त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. “तिथे शस्त्रक्रियेपायी सोहळा अडला, इथे शस्त्रक्रियाच अडली, एवढेच!” हिने राजाबाजारच्या संस्थान गणपतीला नवस बोलला होता. तो ऑपरेशन पार पडण्याचा होता, रद्द होण्याचा नव्हे. तेव्हा तो फेडायचा की राखून ठेवायचा, यावर घरात बराच खल झाला. नवी तारीख पडली ती माघ शुद्ध प्रतिपदेची. आत्याने फोनवर नुसते “हं” म्हटले. त्या एका अक्षरात सारे पंचांग होते.

डॉक्टरांनी कामे नेमून दिली होती, तीच उपयोगी पडली. सपाट रस्त्यावर थोडे चालायचे, तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढायचा, बसल्या जागी छातीत दुखले तर जिभेखाली गोळी ठेवून तडक यायचे. औषधे त्यांनी सांगितली तशीच घ्यायची, मनाने बंद वा सुरू करायची नाहीत. आणि सर्दीपडसे होऊ द्यायचे नाही, नाहीतर तारीख पुन्हा पुढे जाईल. हिने ते वाक्य शिरोधार्य मानले. शिंक देणारा पाहुणा उंबऱ्यावरूनच चहा पिऊन परत जाऊ लागला.

आणि मंगळवारी सकाळी दारात दादा उभा! खांद्यावर पिशवी, पिशवीत हुरडा. रविवारच्या त्या फोनवर तो पहिल्या एसटीने निघणार होता. रद्द झाल्याचे कळूनही निघाला.

मी ओशाळलो. मरणाच्या दारात मागितलेली माफी आणि आता समोर हुरडा खात बसलेला भाऊ, यांचा मेळ बसेना. ती माफी मी शेवटचा शब्द म्हणून उच्चारली होती. आता तिला आठ दिवस घरात वागवायचे होते, सकाळी चहाला, रात्री गप्पांना. दोनदा जुना विषय निघालाच. एकदा मी आवाज चढवला, तर तो म्हणाला, “छाती सांभाळ. भांडण माघात करू.” संक्रांतीला त्याने तळहातावर तिळगूळ ठेवला आणि नेहमीचे वाक्य पुरे न म्हणताच तो आत गेला.

संध्याकाळी आम्ही सावकाश पाणचक्कीपर्यंत जात असू. सहा-सात किलोमीटरवरून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणून त्यावर जाते फिरवणारी ती जुनी करामत. तिथल्या हौदाकाठी दादा म्हणाला, “तुमच्या नळाला पाणी आमच्या नाथसागरातून येते. कित्येक दिवसांनी एकदा, आणि पाइप फुटला की पाळी पुढे. तुम्हा शहरवाल्यांना पुढे ढकलण्याचे एवढे काय वाटावे?” मी इतका हसलो की, पुन्हा बाकावर बसावे लागले.

पुढच्या रविवारी पुन्हा दाखल झालो. या वेळी कोणाचाही निरोप घेतला नाही. पिशवीचे हिला ठाऊकच होते. धैर्य पुन्हा गोळा करायला गेलो, तर ते आले नाही. मग तसाच गेलो. अनुभवाने सांगतो, त्यावाचून फारसे अडत नाही.

मात्र खाटेवर बसताच परिचारिकेला पहिला प्रश्न विचारला, तो त्या महारोहिणीवाल्याचा.

“ते? कालच साध्या वॉर्डात गेले,” ती म्हणाली.

म्हणजे चप्पल पायांत गेली तर!

सोमवारी सकाळी स्ट्रेचर हलले तेव्हा हिने माझा चष्मा घेतला. दादाने वाकून माझ्या चपला उचलल्या आणि काखेत धरल्या.