आडातलं, पोहऱ्यातलं

माझ्या भावाची जुळी मुलं पंधरा वर्षांची आहेत. दिसायला इतकी एकसारखी की आत्या असूनही मी लग्नकार्यात हमखास फसते. परवा धाकट्यानं (धाकटा म्हणजे सात मिनिटांनी) थोरल्याचा मोबाइल पळवला. चेहरा समोर धरला, कुलूप उघडलं. थोरल्यानं भांडून तो परत घेतला आणि अंगठ्याचं कुलूप लावलं. आता धाकटा अंगठा घासतोय, मोबाइल काही दाद देत नाही.

बोटावर शंख की चक्र, हा ढोबळ नमुना बराचसा आईबापांकडून येतो. पण कुठली रेघ कुठे फुटते, कुठे तुटते, हे पोटात तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ठरतं. बोट किती भराभर वाढलं, भोवतीच्या पाण्याचा दाब कसा होता, असल्या बारीकसारीक गोष्टींवर. एकाच पोटात, एकाच वेळी राहूनही दोघांचा शेजार वेगळा! रक्त की वळण, हा वाद आपण बाळ जन्मल्यावर सुरू करतो, तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आमच्या आजीला या वादाचं कोडं कधी पडलं नाही. शेजारचा मुलगा बिघडला की ‘खाण तशी माती’. घरचा बिघडला की ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. मला तेव्हा हे ढोंग वाटायचं. पुढे वाचत गेले तसं कळलं की विद्वानही म्हणी अशाच निवडतात.

फ्रान्सिस गाल्टन हा डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा. ‘नेचर’ आणि ‘नर्चर’ ही जोडी १८७४च्या आपल्या पुस्तकातून त्यानंच रूढ केली, आणि त्याचा कौल आधीपासून रक्ताच्या बाजूनं होता. पुढे तो बोटांच्या ठशांकडे वळला. वंश, बुद्धी, स्वभाव यांच्या खुणा तिथे सापडतील अशी त्याला आशा होती. इंग्रज, वेल्श, ज्यू, बास्क, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर, सगळ्यांचे ठसे त्यानं ताडून पाहिले. हाती काही लागलं नाही, आणि १८९२च्या पुस्तकात त्यानं तसं लिहूनही टाकलं. त्याचे बाकीचे विचार मला पटत नाहीत, पण एवढ्यापुरतं मी त्याला मानते.

इकडे हिंदुस्थानात १८७१ सालीच गुन्हेगार जमाती कायदा झाला होता. सुताराचं पोर सुतार होतं तसं चोराचं पोर चोर होणार, हा त्यामागचा युक्तिवाद. १९११च्या कायद्यानं तो देशभर नेला आणि नोंदलेल्या माणसाचे ठसे घ्यायची सोय केली. गुन्हा रक्तात असतो असं मानणाऱ्या सरकारनं माणूस ओळखायला खूण निवडली तीही नेमकी निव्वळ रक्तानं न ठरणारी! सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

अशाच एका जमातीत वाढलेल्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आलं. त्यात पोरांना चोरी शिकवतात, पोलिसांचा मार सोसावा म्हणून आधी घरचेच मारतात. मी तिथे पुस्तक मिटून बसले होते. जे रक्तातच आहे ते मारून शिकवावं कशाला लागतं?

हे आजीला विचारायला हवं होतं. मी नऊ वर्षांची असताना गावाबाहेर पालं पडली होती, आणि आमच्या परसातला पितळी तांब्या नाहीसा झाला. आजीनं शोधाशोध केलीच नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांच्या रक्तातच असतं ते,’ म्हणाली. काल एक पोरगं परसात आलं होतं, हे मीच सांगितलं. ते पाणी मागायला आलं होतं, हे सांगितलं नाही. गावातले चौघे जाऊन पालं उचकटून आले.

वैशाखात आड उपसला तेव्हा गाळातून तांब्या निघाला. पालं तोवर कधीच उठून गेली होती.